घरचा म्युझिक प्लेअर बनवताना: कोणता ऑडिओ फॉरमॅट धरायचा, कोणता सोडायचा

आत्यासाठी मी पहिला प्लेअर बनवला तेव्हा तिच्या संग्रहातला एक ख्याल दोन फायलींत होता. पहिल्या फायलीत विलंबित, दुसरीत द्रुत. मूळ सीडीवर दोन्ही ट्रॅक सलग वाजतात आणि तंबोरा अखंड चालू राहतो. माझ्या पेटीवर, म्हणजे या प्लेअरवर, मात्र त्या सांध्यावर तंबोरा क्षणभर गप्प व्हायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. आत्याने पहिल्याच दिवशी ओळखलं. "अरे, तंबोरा अडखळतोय बघ." चिप चांगली होती, डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारा भाग) चांगला होता, स्पीकरवर तर सगळ्यात जास्त खर्च केला होता. चुकलं होतं ते फॉरमॅटच्या बाबतीत. तो विचार मी पेटीचं झाकण लागल्यावर केला, आणि तो करायला हवा होता पहिला स्क्रू पिळायच्या आधी.

ईएसपी३२ ही छोटी चिप, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा तयार डिकोडर (दाबलेली फाइल उलगडणारी) चिप घेऊन स्वतःचा प्लेअर बनवणाऱ्यांसाठी, आणि पुढे दहा-वीस नग विकायचा विचार असणाऱ्यांसाठी, मी आता ज्या क्रमाने जातो तो क्रम इथे देतो.

पायरी १: चिपच्या आधी संग्रह पाहा

सारेगामाच्या कारवांसारखी गाणी आतच भरून येणारी पेटी असेल, तर त्या गाण्यांचा फॉरमॅट बनवणाराच ठरवतो. आपल्याकडे उलटं असतं. ऐकणाऱ्याकडे वीस-पंचवीस वर्षांत साठलेल्या फायली असतात आणि त्या जशा आहेत तशा वाजल्या पाहिजेत. म्हणून आधी त्या माणसाची पेन ड्राइव्ह, जुनी हार्ड डिस्क आणि फोन मागून घ्या आणि एफएफप्रोब या प्रोग्रॅमने प्रत्येक फाइलचा कोडेक (आवाज दाबायची पद्धत), बिटरेट (सेकंदाला किती बिट), सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) आणि लांबी एका तक्त्यात उतरवून काढा. फाइलच्या नावामागच्या शेपटीवर विसंबू नका. 'एम४ए' शेपटीच्या आत एएसी असू शकतं आणि अ‍ॅपलचं अलॅकही असू शकतं. पहिल्यात आवाजाची काटछाट झालेली असते, दुसऱ्यात अजिबात नाही, आणि दोघांना डिकोडर वेगळे लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली व्हॉइस नोट ऑगच्या वेष्टनातली ओपस असते. आजोबांच्या आवाजातली आरती अशीच एखाद्या नोटमध्ये जपलेली असते, आणि ती वाजली नाही तर बाकीच्या हजार गाण्यांचं कौतुक कुणी करत नाही.

मला आजवर बहुतेक संग्रह सारखेच मिळाले. एमपी-थ्रीचा मोठा ढीग, थोडं एएसी, कुणा हौशी भाच्याने सीडीवरून केलेलं फ्लॅक (काहीही न गमावता दाबणारा फॉरमॅट), आणि जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या काही वेव्ह फायली.

याच वेळी एक गोष्ट तपासा. '३२०', म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट, असं लिहिलेली एमपी-थ्री खरोखर ३२० ची आहे का? स्पेकसारख्या प्रोग्रॅममध्ये तिचा वर्णपट उघडा. साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सरळ रेघ मारल्यासारखा काळोख दिसला, तर १२८ ची फाइल फुगवून ३२० केल्याची शक्यता मोठी आहे. मात्र जुन्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुळातच नसतात. तिथे हा काळोख हळूहळू दाटत जातो, कापल्यासारखा दिसत नाही. हा फरक डोळ्याला सवयीने कळतो.

पायरी २: साठवायचा फॉरमॅट वेगळा, वाजवायचे वेगळे

सगळा गोंधळ या दोन गोष्टी एक मानल्यामुळे होतो. पेटीला वाजवता आले पाहिजेत असे फॉरमॅट पाच-सहा असतील. पण तुम्ही स्वतः सीडीवरून किंवा तबकडीवरून नव्याने जे उतरवाल, ते एकाच फॉरमॅटमध्ये ठेवा, आणि माझ्या मते तो फ्लॅकच असावा.

कारणं साधी आहेत. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन चॅनेल. हिशोब केला की सेकंदाला १,४११ किलोबिट होतात, तासाला सुमारे ६३५ एमबी. फ्लॅक त्यातला एकही बिट न गमावता फाइल साधारण निम्मी-साठ टक्के करतं. शिवाय मूळ आवाजाची एमडी५ खूण (बिटांवरून काढलेला एक ठसा) फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेली असते, त्यामुळे दहा वर्षांनी कार्ड खराब झालं तर नेमकी कुठली फाइल बिघडली ते तपासता येतं. फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २००१ ची, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ (इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेतला दस्तऐवज) म्हणून त्याचं अधिकृत मानकही झालं. ते कुणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही. एमक्यूएचं उदाहरण समोर आहे. २०१४ मध्ये मोठ्या घोषणांसह आलेला हा बंदिस्त फॉरमॅट. २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये टायडल या स्ट्रीमिंग सेवेनेही तो सोडून फ्लॅक धरलं. ज्यांनी त्यासाठी खास डिकोडर घेतले होते, त्यांच्याकडे आता एमक्यूए वाजताना लागणारा एक निरुपयोगी दिवा उरला आहे.

फ्लॅकला आवाजातली खरखर मात्र आवडत नाही. खरखरीत पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांच्या फायली अपेक्षेपेक्षा मोठ्या होतात. त्यावर एक उपाय हमखास चालतो. त्या तबकड्या मोनो असतात, पण स्टिरिओ पिकअपने उतरवल्या की डाव्या-उजव्या बाजूची खरखर वेगवेगळी येते, आणि फ्लॅक बिचारं दोन्ही खरखरी जपत बसतं. आधी दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो करा. फाइल जवळपास अर्धी होते आणि खरखरही थोडी दबते, कारण दोन्हीकडचा गायकाचा आवाज सारखाच असतो आणि खरखर सारखी नसते.

हातात असलेल्या एमपी-थ्रीला फ्लॅक करू नका. गेलेलं परत येत नाही, फक्त फाइल फुगते. आणि एमपी-थ्रीचं ओपस किंवा एएसी तर मुळीच करू नका, कारण प्रत्येक वेळी आवाज नव्याने कातरला जातो.

पायरी ३: एकेका फॉरमॅटला त्याची जागा दाखवा

एमपी-थ्री सोडून चालणार नाही. १९९३ मध्ये मानक झालेला हा फॉरमॅट, आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याची परवाना योजनाच बंद झाल्यामुळे आता तो फुकट वापरता येतो. त्याचा कच्चा दुवा तबल्यात ऐकू येतो. एमपी-थ्री आवाजाचे तुकडे करून त्यातल्या कंप्रतांचा हिशोब ठेवतं. शांततेतून अचानक 'ना' वाजला की हिशोबातली चूक पूर्ण तुकड्यावर पसरते, आणि थापेच्या किंचित आधी एक धुरकट 'फस्स' ऐकू येतं. १२८ वर हेडफोन लावून एकल तबला ऐका, एकदा कळलं की कान तेच शोधत राहतो. १९२ च्या पुढे चांगल्या एन्कोडरने (आवाज दाबणाऱ्या प्रोग्रॅमने) केलेली फाइल बहुतेक कानांना पुरते.

एएसी त्याच बिटरेटला अधिक स्वच्छ वाजतं आणि फोनमधून येणारं बरंच काही त्याच्यात असतं, म्हणून वाजवता आलं पाहिजे. पण पेटी विकणार असाल तर त्याचे पेटंट परवाने अजून आहेत हे ध्यानात ठेवा. वकिलाशी बोलल्याशिवाय पेटीच्या खोक्यावर ते नाव छापू नका. घरच्यापुरता बनवत असाल तर हा प्रश्न तुमच्यापुढे येत नाही.

ओपस कमी बिटरेटला सगळ्यांत सरस. आरएफसी ६७१६ म्हणून ते २०१२ मध्ये आलं, मुक्त आहे, आणि व्हॉइस नोटसाठी हवंच. ऑग व्हॉर्बिस हा जुना मुक्त फॉरमॅट संग्रहात असेल तर ठेवा, नसेल तर शोधत जाऊ नका. अलॅक अ‍ॅपलने २०११ मध्ये मुक्त केलं, डिकोडरही हलका आहे.

मंकीज ऑडिओ, म्हणजे 'एपीई' फायली. फ्लॅक उलगडायला एमपी-थ्रीपेक्षाही कमी कष्ट पडतात, पण एपीई उलगडायला जवळपास तेवढीच मेहनत लागते जेवढी दाबताना लागली होती. छोट्या चिपला ते झेपत नाही. अशा फायली संगणकावरच फ्लॅक करून घ्या, काहीच गमावत नाही.

डीएसडी, म्हणजे १९९९ च्या एसएसीडीतला (सुपर ऑडिओ सीडी) एक बिटाचा, सेकंदाला २८,२२,४०० नमुन्यांचा फॉरमॅट. त्यात आवाजाची पातळीसुद्धा सरळ बदलता येत नाही, आधी पीसीएममध्ये, म्हणजे सीडीसारख्या साध्या नमुन्यांत, आणावं लागतं. संग्रहात नसेल तर त्याच्यासाठी एक रुपयाही खर्च करू नका.

आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ? कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ, आणि ४४.१ चा दर त्याच्या पुढे, २२ पर्यंत जातो. १६ बिटांत साधारण ९६ डेसिबलची उंची-खोली, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, मावते. घरातल्या बैठकीच्या खोलीत पंख्याच्या आवाजाने त्यातली बरीच आधीच खाल्लेली असते. ध्वनिमुद्रण करताना आणि आतल्या हिशोबासाठी २४ बिट मोलाचे आहेत, साठवणीसाठी नाहीत. शिवाय १९२/२४ च्या स्टिरिओ वेव्हचा एक तास ४.१ जीबीचा होतो. वेव्ह आणि फॅट३२ या दोघांचीही फाइलची मर्यादा ४ जीबीच्या आसपास आहे, म्हणजे ६२ मिनिटांपुढची मैफल त्यात मावतच नाही.

पायरी ४: तंबोऱ्याचा सांधा

आत्याच्या पेटीचा दोष इथे होता. एमपी-थ्री ११५२ नमुन्यांच्या चौकटींत चालतं. गाणं नेमकं त्या मापाचं कधीच नसतं, म्हणून शेवटची चौकट शून्यांनी भरली जाते. सुरुवातीलाही एन्कोडर ५७६ आणि डिकोडर ५२९ नमुने उशीर लावतात, म्हणजे जवळपास २५ मिलिसेकंदांची शांतता. लेम नावाचा एन्कोडर आपला उशीर आणि शेवटची भर हे आकडे फाइलच्या पहिल्या चौकटीत लिहून ठेवतो. तुमच्या फर्मवेअरने (पेटीतल्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने) ते वाचून, डिकोडरचे ५२९ हिशोबात धरून, दोन्ही टोकांना जास्तीचे नमुने कापून टाकले की सांधा नाहीसा होतो. एएसीमध्ये हीच माहिती बहुतेकदा आयट्यून्सच्या टॅगमध्ये (फाइलच्या आत लिहिलेल्या नोंदींत) असते, ओपसमध्ये सुरुवातीची हेडरमध्येच आणि शेवटची फाइलच्या शेवटच्या पानावर. फ्लॅकमध्ये मोजून तेवढेच नमुने असतात, काही कापावं लागत नाही.

पण कापणं पुरेसं नाही. पहिली फाइल संपल्यावर दुसरी उघडायला गेलात तर कार्ड शोधाशोध करेपर्यंत गप्प बसावं लागतं. पहिलीचे शेवटचे पाच-सात सेकंद उरले की दुसरी उघडून तिची सुरुवात उलगडून तयार ठेवा. आणि डॅकला नमुने पुरवणारी रांग दोन फायलींच्या मध्ये थांबवू नका, रिकामी करू नका.

व्हीएस१०५३ सारखी डिकोडर चिप वापरणार असाल तर इथेच विचार करा. तिला फाइलचे बाइट द्यायचे आणि आवाज ती स्वतः काढते. काम फार सोपं होतं, पण नमुने मोजून कापणं तुमच्या हातात राहत नाही. भावगीतं, भजनं, सुटी गाणी ऐकणाऱ्यासाठी ती उत्तम. ख्याल सलग ऐकणाऱ्यासाठी मी ती आता वापरत नाही.

पायरी ५: स्मृती मोजा

ईएसपी३२ मध्ये ५२० केबी रॅम, त्यातली बरीच वायफाय वगैरेत जाते. सीडी दर्जाचा उलगडलेला आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट. म्हणजे उलगडलेला आवाज साठवून ठेवणं परवडत नाही, दाबलेला साठवा. १२८ च्या एमपी-थ्रीचा एक सेकंद १६ केबी, फ्लॅकचा साधारण १०० केबी. मेमरी कार्ड मधूनच काही क्षण उत्तर द्यायचं थांबतं, तेवढा वेळ निभावेल इतका साठा हवा.

फ्लॅकची गोम ब्लॉकच्या आकारात आहे. ४८ किलोहर्ट्झपर्यंतच्या नेहमीच्या फायलींत ब्लॉक ४,६०८ नमुन्यांपर्यंत असतो. दोन चॅनेल, नमुन्याला चार बाइट धरले तर ३७ केबी लागतात. त्यावरच्या दरांना तो १६,३८४ पर्यंत जातो आणि गरज १३१ केबी होते. सर्वांत मोठा ब्लॉक केवढा ते फाइलच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं. ते आधी वाचा, झेपणार नसेल तर पडद्यावर तसं स्पष्ट सांगा आणि पुढच्या फाइलवर जा. मधेच कोसळणारी पेटी ज्येष्ठ माणसाला घाबरवते, त्यांना वाटतं आपल्याच हातून काही बिघडलं.

रास्पबेरी पायवर ही चिंता नाही. तिथे वेगळी आहे. लोक पेटीचं बटण सरळ बंद करतात आणि कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडते. मूळ सिस्टिम फक्त-वाचनीय करून ठेवा.

पायरी ६: घड्याळं दोन

सॅम्पल रेटमध्ये ४४.१ किलोहर्ट्झचं कुटुंब वेगळं, ४८ चं वेगळं. सीडीवरून आलेलं सगळं पहिल्यात, ओपस आणि व्हिडिओतून आलेला आवाज दुसऱ्यात. दोन्ही नेमके वाजवायचे तर २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन क्रिस्टल असलेला डॅक बोर्ड घ्या, किंवा दोन्ही दर नीट काढणारं पीएलएल (एका घड्याळावरून दुसरं घड्याळ तयार करणारं सर्किट) हवं. पीसीएम५१०२ए हा डॅक स्वतःचं मुख्य घड्याळ आय-टू-एसच्या (डॅककडे नमुने नेणाऱ्या जोडणीच्या) बिट घड्याळावरून तयार करतो, त्यामुळे जोडणी सोपी होते. एकच दर ठेवायचा ठरवलात तर १६०/१४७ च्या गुणोत्तराने नमुने बदलावे लागतील. त्यासाठी चांगली लायब्ररी वापरा, जवळचा नमुना उचलण्याचा आडमार्ग घेऊ नका. सतारीच्या वरच्या तारेवर तो लगेच उघडा पडतो. आणि दर बदलताना डॅकचं तोंड क्षणभर बंद ठेवा, नाहीतर स्पीकर 'ठप्प' करतो.

आवाज कमी-जास्त करण्याचा हिशोब ३२ बिटांत करा. १६ बिटांतच केलात तर रात्री हळू आवाजात ऐकताना तंबोऱ्याची शेपटी करकरीत होते. उलगडलेली एमपी-थ्री मूळ आवाजापेक्षा किंचित वरही जाऊ शकते, म्हणून दोन-तीन डेसिबलची मोकळी जागा सोडा.

ब्लूटूथ स्पीकर जोडला जाणार असेल तर आवाज पुन्हा एकदा, बहुतेकदा एसबीसी या ब्लूटूथच्या फॉरमॅटमध्ये, कातरला जातो हे ऐकणाऱ्याला सांगून ठेवा. तार लावता येत असेल तर तार लावा.

पायरी ७: नावं देवनागरीत दिसली पाहिजेत

आपल्या लोकांसाठी पेटी बनवणाऱ्याने फॉरमॅट निवडताना हे ऐनवेळी आठवू नये. एमपी-थ्रीच्या जुन्या टॅगमध्ये, म्हणजे आयडी३ च्या पहिल्या आवृत्तीत, नावाला फक्त ३० बाइट असतात. यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवण्याची एक पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा. 'बिलासखानी तोडी' लिहून पाहा. 'बिलासखानी' मध्ये नऊ चिन्हं, २७ बाइट. एक जागा सोडली, २८. 'तो' मधल्या 'त'ला तीन हवेत, उरले दोन. पडद्यावर 'बिलासखानी' आणि पुढे एक फुटका चौकोन. आयडी३ ची दुसरी आवृत्ती युनिकोड नीट धरते, पण काही फायलींत तो यूटीएफ-१६ असतो आणि काहींत यूटीएफ-८, दोन्ही वाचावे लागतात. फ्लॅक, ओपस आणि व्हॉर्बिसचे टॅग सगळे यूटीएफ-८. शिवाय त्यांत हवं ते रकान्याचं नाव टाकता येतं, फक्त ते नाव रोमन अक्षरांत हवं. 'RAAG', 'TAAL', 'SAATH' असे वेगळे रकाने करा. आत्याला गायकापेक्षा आधी राग हवा असतो, सकाळी ती भैरव मागते, कोण गातंय ते नंतर.

नाव वाचलं तरी काढता आलं पाहिजे. ऱ्हस्व वेलांटी टंकात व्यंजनानंतर येते आणि दिसते आधी. जोडाक्षरं, रफार हे सगळं हार्फबझसारखी लायब्ररी जुळवून देते. छोट्या चिपवर ते जड होत असेल तर संगणकावर प्रत्येक नावाचं एक लहान चित्र करून कार्डावर ठेवा. मी तेच करतो, आणि अक्षरही हवं तेवढं मोठं ठेवता येतं.

मुखपृष्ठाच्या चित्रांकडेही लक्ष द्या. कुणी तीन एमबीचा फोटो टॅगमध्ये कोंबलेला असतो, आणि तो फाइलच्या सुरुवातीला बसतो. फर्मवेअरने टॅगचा आकार वाचून थेट पुढे उडी मारली पाहिजे.

पायरी ८: आत्याकडे नेण्याआधी

एक किलोहर्ट्झचा सलग स्वर संगणकावर तयार करा, मध्येच कुठेतरी दोन तुकडे करा, आणि तुमच्या यादीतल्या प्रत्येक फॉरमॅटमध्ये ते तुकडे साठवून पेटीवर लागोपाठ वाजवा. सांध्यावर टक् झालं की तो फॉरमॅट अजून तयार नाही. मग अर्धवट कापलेली एमपी-थ्री, शून्य बाइटची फाइल, बदलत्या बिटरेटची फाइल, आणि मॅकवरून कॉपी करताना येणाऱ्या, टिंबाने सुरू होणाऱ्या त्या लपलेल्या फायली, ज्या गाण्यांसारख्या दिसतात पण गाणी नसतात. चालू गाण्यात वीज घालवा, दहा वेळा.

शेवटी फ्लॅक आणि त्याचीच १९२ ची एमपी-थ्री घरातल्या दोघांना न सांगता आलटूनपालटून ऐकवा, निदान दहा फेऱ्या, आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या. त्यांनाही ओळखता आलं नाही तर आहेत त्या एमपी-थ्री बदलण्याच्या मागे लागू नका, तो वेळ टॅग नीट करण्यात घाला.

आत्याच्या दुसऱ्या पेटीत ईएसपी३२, पीसीएम५१०२ए आणि वर सांगितलेलं फर्मवेअर आहे. तो ख्याल मी तिच्या समोर बसून लावला. विलंबित संपलं, द्रुत सुरू झालं, आणि ती डोळे मिटून मान हलवतच राहिली.